कोपऱ्यातलं नाव

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या घरी लग्नपत्रिका आली की बाबा ती आधी उलटी करायचे. मुहूर्त कधीचा, कार्यालय कुठलं, हे आई वाचायची. बाबांची नजर मागच्या बाजूला, अगदी तळाशी मुंगीएवढ्या टायपात छापलेल्या छापखान्याच्या नावावर. ते गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, उभा जन्म खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेला त्यांचा. नाव वाचून झालं की म्हणायचे, "याच्याकडचा टाइप झिजलाय," नाहीतर, "काम चोख आहे हं." आणि एखाद्या पत्रकावर नावच नसलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. "कागदाला मुद्रक लागतो गं," म्हणायचे. "बेवारशी कागदावर विश्वास कसा ठेवायचा?"

पुस्तकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या बाबतीत तर तो कायदाच होता. १८६७ चा. छापलेल्या मजकुरावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण वाचता येईल असं असलं पाहिजे, असं त्यात लिहिलेलं होतं. इंग्रज सरकारला कोण काय छापतं यावर नजर ठेवायची होती, हेतू काही उदात्त नव्हता. पण बाबांसारख्या माणसांनी त्या सक्तीचा अभिमान करून टाकला. हे आम्ही छापलं, चूक असेल तर आम्हाला येऊन सांगा, असा तो अभिमान.

मी वेब डिझायनर आहे. खिळे गेले, पडदा आला, पण काम अक्षरांचंच. गेल्या महिन्यात मी माझी स्वतःची वेबसाइट नव्याने बांधली. सात वर्षं तिची बांधणी तीच होती. तिच्यावर माझी कामं आहेत, देवनागरीबद्दलची काही टिपणं आहेत, आणि जे लोक खरं तर बघायला येतात ते आहे: मुंबईतल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे चारशेच्या वर फोटो. गिरगाव, लालबाग, परळ, भायखळा, माहीम. सलून, गिरण्या, खानावळी, लाँड्र्या, घड्याळ दुरुस्तीवाले. हे नव्याने बांधताना दुसऱ्यांना काही वाटून देणं म्हणजे काय, याबद्दल माझं मत बदललं. ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी अक्षरांचं सांगते, कारण तिथून सुरुवात झाली. मराठीत 'ल' लिहितो तो दोन पाकळ्यांचा. हिंदी वळणाचा 'ल' दांडीचा, उजवीकडे उभा काना असलेला. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही पाकळीचाच 'ल' धरला. पण संगणकाच्या लेखी दोन्ही एकच अक्षर, एकच क्रमांक. पाकळी दिसणार की दांडी, हे फॉन्टवर ठरतं, आणि पानाच्या मुळाशी 'ही भाषा मराठी आहे' अशी एक छोटी खूण केली आहे की नाही, यावर. ज्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात, तो ही खूण वाचतो आणि 'लालबाग'ला पाकळ्या फुटतात. माझ्या जुन्या साइटवर ती खूण नव्हती. सात वर्षं मी लालबागच्या पाट्यांबद्दल दांडीच्या 'ल'ने लिहीत होते. एका ओळीचं काम. केलं, पान पुन्हा उघडलं आणि वाटलं, बाबांना दाखवायला हवं होतं.

आणि ही सोय माझ्या हाती आली ती कोणीतरी आधी वाटून दिल्यामुळेच. १९९० च्या दशकाच्या शेवटी मराठी पान करायचं तर एखादा ठरावीक फॉन्ट लागायचा, आणि वाचणाऱ्याकडे तो नसला तर त्याला नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. मग युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळलं. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला, तो आय. आय. टी. मुंबईत शिकवलेल्या प्रा. र. कृ. जोशींनी घडवलेला. पुढे मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले. कोणीही घ्या, वापरा, बदला, पैसे नकोत. मुख्य अट अशी की फॉन्टच्या फाइलीत कोरलेली हक्काची नोंद आणि परवाना पुसायचा नाही. आपल्याला पडद्यावर दिसत नाही, पण फाइल उघडली की करणाऱ्यांची नावं आत असतात. पत्रिकेच्या मागच्या ओळीसारखी!

खुद्द वेब तरी काय आहे? टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत ते उभं केलं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने जाहीर केलं की हे सगळ्यांसाठी खुलं आहे, कोणाला काही द्यावं लागणार नाही. मी सकाळी कामाला बसते ती या दानावर बसते, असं मी अगदी मनापासून मानते.

आता गिरणीची गोष्ट.

गिरगावात एका पिठाच्या गिरणीवर पाटी होती. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं, काळी सावली. 'येथे मिरची, हळद दळून मिळेल.' या एका वाक्यात तीन 'ळ' आहेत. मराठी पाटीत 'ळ' काढणं सोपं नाही. दोन गाठी, दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत, नाहीतर अक्षर एका बाजूला कलतं. आणि त्याची सावली? प्रत्येक वळणाला किती जाड, किती बारीक, हे ब्रश उचलायच्या आत ठरवावं लागतं. या पाटीवरचे तिन्ही 'ळ' हुबेहूब होते. मी मोजपट्टी लावून पाहिले. पाव सुताचा फरक नव्हता. आजही मी विद्यार्थ्यांना 'ळ' शिकवते तेव्हा तोच फोटो लावते.

२०२१ च्या पावसाळ्यात तो फोटो मला माझ्याच मावशीने पाठवला. कोणीतरी खालचा भाग कापलेला, कारण तिथे माझं नाव होतं. वर 'आमची जुनी मुंबई' असं लिहिलेलं आणि कडेला गुलाबाची फुलं. मावशीला काय माहीत! तिला पाटी आवडली म्हणून तिने पाठवली. मी मात्र रात्रभर तळमळले. ऐन उन्हात तिथे तासभर उभं राहून, समोरचा टेम्पो हलायची वाट बघून काढलेला तो फोटो.

दुसऱ्या दिवशी मी सगळे फोटो लहान करून टाकले, आणि प्रत्येकावर उजव्या खालच्या कोपऱ्यात माझ्या नावाचा पांढरा शिक्का उमटवला. चारशे फोटो, तीन रात्री.

दोन वर्षांनी डोंबिवलीहून एका बाईंची मेल आली. मराठीतच, अगदी चार ओळींची. "ताई, गिरणीचा बोर्ड माझ्या वडिलांनी रंगवलेला आहे. तुम्ही तो जपलात, आनंद झाला. कोपऱ्यात त्यांची सही होती. तुमचा शिक्का नेमका तिच्यावर आला आहे. तो काढता येईल का?"

मी मूळ फोटो उघडला. मोठा केला. होती. पत्र्याच्या उजव्या तळाशी, गंज सुरू होतो त्याच्या वर, अर्ध्या इंचाची तिरकी सही. आडनाव, आणि पुढे 'आर्ट्स'. मी तो फोटो शेकडो वेळा पाहिला होता. तिन्ही 'ळ' मोजले होते. सही वाचली नव्हती. माझं नाव कापलं म्हणून मी तळमळत होते आणि माझ्याच हाताने मी त्या माणसाचं नाव झाकून ठेवलं होतं.

मी डोंबिवलीला गेले. त्यांनी वडिलांची पेटी दाखवली. चपटे ब्रश केस वर करून कापडात गुंडाळलेले. हात टेकायची काठी, टोकाला चिंधी बांधलेली, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही. आणि सुताचा एक गुंडा, अजून निळा. या सुताला नीळ चोळायची, दोघांनी दोन टोकं पत्र्यावर ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची. टप्प! सरळ रेघ. "दुसरं टोक मी धरायचे," त्या म्हणाल्या. "सुट्टीत. सात-आठ वर्षांची असेन." म्हणजे त्या पाटीवर आणखी एक हात होता, आणि तोही आपल्याला कोणी सांगितलेला नव्हता.

मी विचारलं, वडिलांचं पूर्ण नाव साइटवर लिहू का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, पाटीवर त्यांनी जेवढं लिहिलं तेवढंच लिहा. तेवढंच लिहिलं आहे. इथे रेडिओवर ते मी सांगत नाही, कारण त्याची परवानगी मी मागितलेली नाही.

तेव्हापासून साइट बदलायला घेतली. शिक्के काढले. फोटो पुन्हा मोठे केले. आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ घातली: पाटी कोणी रंगवली, फोटो कोणी काढला, कुठे, कधी. फोटोवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावला: घ्या, छापा, शाळेत दाखवा, फक्त ही ओळ सोबत न्या. मात्र अक्षरांवर परवाना द्यायचा अधिकार मला नाही, हेही तिथेच लिहिलं. नेटवर आहे म्हणजे फुकट आहे, असं पुष्कळांना वाटतं. आपला कायदा १९५७ चा आहे आणि तो तसं म्हणत नाही. चित्र काढलं, लेख लिहिला की हक्क आपोआप जन्मतो, कुठे नोंदवायला जावं लागत नाही. लेखकाचा, चित्रकाराचा तो हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. माझ्याकडे फोटोचा हक्क आहे. 'ळ' त्यांचा आहे.

याच साफसफाईत आणखी एक गोष्ट हाती लागली, ती तुमच्याही उपयोगाची आहे. फोन फोटो काढतो तेव्हा त्या फाइलीत वेळ लिहितो, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. माझ्या साइटवर आईचा एक फोटो होता, आमच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालतानाचा. आत आमच्या घराचा ठावठिकाणा शाबूत. कोणीही फाइल उतरवून घेतली असती तर नकाशावर आमच्या दारात येऊन उभं राहता आलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ही माहिती सहसा गळते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सगळी सोबत जाते. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. घरातल्या लहान मुलांचे फोटो बाहेर पाठवण्याआधी एवढं कराच, ही माझी हात जोडून विनंती. पाटीचं ठिकाण सांगावं, पण आईच्या गॅलरीचं कशाला?

जुने पत्ते मात्र मी एकही मोडला नाही. साइट नवी करताना पानांचे पत्ते बदलतात आणि ज्यांनी जुना पत्ता जपून ठेवलेला असतो ते कोऱ्या पानावर येऊन आपटतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पाहणी केली, त्यात २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती. प्रत्येक जुन्या पत्त्याला नव्याकडे वळवायला दोन दिवस लागले. डोंबिवलीच्या त्या ताईंनी दोन वर्षांपूर्वी कोणीतरी पाठवलेल्या दुव्यावरूनच माझं पान गाठलं होतं. तो दुवा मेला असता तर ती मेल आलीच नसती.

आज चारशेंतल्या एकतीस फोटोंखाली रंगवणाऱ्याचं नाव आहे. बाकी सगळ्यांखाली 'पेंटर: माहीत नाही' असं लिहिलं आहे. ती जागा कोरी सोडायची नाही, असं मी ठरवलं. श्रोतेहो, तुमच्या नाक्यावर अशी पाटी अजून असेल तर जवळ जाऊन उजव्या, डाव्या कोपऱ्यात खाली पाहा. पुष्कळांनी सही केलेली असते. दुकानदाराला विचारा, त्यांच्या वडिलांना आठवत असेल. घाई करायला हवी, कारण राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने पाटीवरचं मराठी अक्षर इतर लिपींपेक्षा लहान नको असं ठरलं, २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं. निर्णय मला मनापासून पटलेला आहे. पण त्या लगबगीत, माझ्या डोळ्यांदेखत, आधीपासून मराठीच असलेल्या कितीतरी रंगवलेल्या पाट्याही उतरल्या आणि फ्लेक्स चढले.

गिरणीची पाटीही उतरली. नव्या फ्लेक्सवर 'मिरची, हळद' आहे, टायपातलं. मालकांना मी गेल्या आठवड्यात विचारलं, जुना पत्रा भंगारात दिला का? म्हणाले, "छे हो, आत आहे. गव्हाच्या पोत्यांना ओल लागू नये म्हणून भिंतीला लावून ठेवलाय, तोंड भिंतीकडे. रविवारी गिरण बंद असते, तेव्हा या. पोती सरकवतो, तुम्हाला उलटा करून देतो."

या रविवारी आम्ही जाणार आहोत, मी आणि डोंबिवलीच्या ताई. त्या म्हणाल्या, सूत घेऊन येते.

नमस्कार.