अस्सलाचा आग्रह

अस्सल आणि नक्कल यांत डोळ्यांना काहीच फरक जाणवत नसेल, तर अस्सलाचा आग्रह धरणे हा निव्वळ भाबडेपणा आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र फरक जाणवत नाही तो कोणाला, कधी आणि कोणत्या साधनाने पाहिल्यावर, हे आक्षेप घेणारा सहसा सांगत नाही.

हॉलंडच्या हान व्हान मेगेरेनने रंगवलेले एमाउस येथील भोजनाचे चित्र १९३७ साली अब्राहम ब्रेडियस या मातब्बर जाणकाराने सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरचे म्हणून नावाजले आणि ते रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात जाऊन बसले. रंग शतकानुशतके वाळल्यासारखा कडक व्हावा म्हणून मेगेरेनने त्यात बेकेलाइट या प्लास्टिकच्या जातीची राळ मिसळून चित्र भट्टीत तापवले होते. पुढे १९६८ साली त्यातील पांढऱ्या रंगात असलेल्या शिशाचा किरणोत्सार मोजला गेला. खनिजातून शिसे गाळताना बहुतेक रेडियम निघून जाते आणि शिशात राहिलेले शिसे-२१० हे त्याचे किरणोत्सारी रूप सुमारे २२ वर्षांत निम्मे होते, पण उरलेल्या थोड्या रेडियममधून ते थोडे थोडे नव्याने बनतही राहते. त्यामुळे तीनशे वर्षांच्या रंगात रेडियम आणि शिसे-२१० यांचा मेळ बसलेला असतो, तर तीस वर्षांच्या रंगात शिसे-२१० चे पारडे जड राहते. ब्रेडियसच्या हाती असली चाचणी कुठून असणार? नक्कल करणाऱ्याला जेवढे दिसले तेवढेच नकलेत उतरते. अस्सलात मात्र अजून कोणी न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे दडलेली असू शकतात.

उद्या अणुरेणूंसह तंतोतंत प्रत निघाली, तर हा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही एक गोष्ट उरतेच. सोनाराने तेवढ्याच वजनाच्या आणि त्याच घडणीच्या पाटल्या करून दिल्या, तरी आजीच्या हरवलेल्या पाटल्या परत मिळाल्या असे कोणी म्हणत नाही, आणि त्याबद्दल कोणी त्या माणसाला अविवेकीही ठरवत नाही. वस्तू कोणाच्या हातून गेली, हेही तिच्या मोलात धरले जाते. (लिलावातल्या बोलींचे समर्थन मी करणार नाही, तिथे मिरवण्याची हौसच अधिक असते.)

आता अजिंठ्याचे पाहा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात तिथल्या चित्रांच्या प्रती तयार केल्या. त्यांतल्या कित्येक १८८५ साली लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. वाचलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. इकडे चित्रे उठून दिसावीत म्हणून फासलेले व्हार्निश पिवळे पडत गेले आणि रंगाचे पोपडे गळत राहिले, त्यामुळे भिंतीवर जिथे आता काही उरलेले नाही तिथे पूर्वी काय होते, हे जाणून घ्यायला अभ्यासकाला त्या नकलांकडेच जावे लागते. अजिंठ्याच्या नकला म्हणून त्यांत उणिवा असतील. पण ग्रिफिथ्सच्या काळी भिंतीवर काय दिसत होते याचा अस्सल पुरावा म्हणजे त्याच, आणि त्यांचीही कोणी हुबेहूब प्रत काढली, तर अभ्यासक लंडनमधलीच पाहायला मागेल.