आजींची गोळी

नमस्कार श्रोतेहो.

मी फिजिओथेरपिस्ट. लकवा झालेल्या पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते. मध्यंतरी अशोक चौकाजवळच्या एका घरात आजोबांचा व्यायाम झाला आणि सहज आजींच्या दंडाला बीपीचं मशीन लावलं. वरचा आकडा १८०! "गोळी घेतली का?" तर म्हणाल्या, "मला काय झालंय? मी हाय की चालती-फिरती." आजोबांच्या गोळ्या वारांच्या डब्यात नीट लावलेल्या, आजींची पट्टी देवघराच्या फळीवर, जवळजवळ भरलेली. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडं धाडलं.

नवरा-बायकोत सांभाळणाऱ्याचंही वय झालेलं असतं. अमेरिकेतल्या ६६ ते ९६ वयाच्या जोडीदारांचा चार वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराला सांभाळताना ज्यांची ओढाताण होत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ही जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. सांभाळूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुनेचं दुखणं वेगळं. आपल्या सोलापुरात कितीतरी सुना मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागं. त्यात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. सारखं उठलं की हजार पुरा होत नाही, आणि वाकून आखडलेल्या कंबरेनंच सासूबाईंना ओढायचं. तिला मी एक युक्ती शिकवते. आपली सोलापुरी चादर दुहेरी करून पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घालायची, दोन्हीकडून दोघांनी कडा घट्ट धरायच्या, गुडघे वाकवायचे आणि एकदम सरकवायचं. काखेत हात घालून ओढू नका, लकव्याच्या बाजूचा खांदा दुखावतो. पण त्याला दोघं लागतात, आणि दुसरा माणूस पाळी संपवून कारखान्यातून यायचा असतो.

तो, म्हणजे मुलगा, औषधं आणतो, बिलं भरतो, बोलत मात्र नाही. त्याची झोप उडाल्याचं बायकोकडून कळतं. अशांसाठी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. लग्न झालेल्या लेकीचं तर विचारूच नका. इथं असली की जीव सासरी, सासरी गेली की इथं.

परवा आजींकडं पुन्हा गेले. नातवानं त्यांच्यासाठीही वारांचा डबा आणला होता. मंगळवार होता, दुपारचे चार वाजले होते, आणि मंगळवारचा कप्पा भरलेला होता.