मागची बाजू म्हणजे नेमकी कुठली?

मंडळी, नमस्कार. 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, म्हणून मला आज बोलावलंय आणि विषय दिलाय फायर ब्रिगेडची वायरलेसवरची भाषा. 14 एप्रिलच का, तर 1944 साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं, त्यात फायर ब्रिगेडचे 66 लोक गेले. त्या जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. कापूस आतल्या आत कसा धुमसतो हे खान्देशातल्या माणसाला मी काय सांगणार, पण पुढे त्यावर यायचंच आहे.

मी जन्मभर स्टेशन मास्तर होतो. नाइट ड्युट्या करून झोप मोडलीय ती मोडलीच, मग रात्री कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या शहरांचं फायर ब्रिगेडचं बोलणं ऐकत बसतो. आपल्याकडे वायरलेस सेट विनापरवाना बाळगता येत नाही, तिकडे मात्र लोक स्कॅनर, म्हणजे वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा रेडिओ, घेऊन घरात ऐकतात आणि ते मोबाईलवरही येतं. सुरुवातीचे दोन महिने मला काहीच कळेना. ‘इंजिन’ म्हटलं की भुसावळच्या माणसाला काय आठवणार! (हशा) तिथं इंजिन म्हणजे पाणी आणि पंप घेऊन जाणारा बंब, आणि ‘ट्रक’ म्हणजे शिडीची गाडी. आणि ‘टँकर’ची तर मजाच, आपल्याकडे मे महिन्यात टँकर म्हटलं की बाया हंडे घेऊन पळतात, तिकडे जंगलाच्या आगीत टँकर म्हणजे वरून पाणी-औषध टाकणारं विमान, आणि जमिनीवरच्या पाण्याच्या गाडीला ते टेंडर म्हणतात. पण हेच तिथल्या पूर्वेकडच्या गावांत गेलात तर रस्त्यावरच्या गाडीलाही टँकरच म्हणतात. म्हणजे दोन ठिकाणचे लोक एका आगीवर आले आणि कुणी नुसता ‘टँकर पाठवा’ म्हणाला तर काय येईल सांगता येत नाही. 1970 साली कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले तेव्हा असल्याच घोळांनी लोक हैराण झाले आणि मग सगळ्यांनी बसून शब्द ठरवले.

आता माझं दुखणं सांगतो, थोडं लांबेल, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मेव्हण्यांची तापीकाठी जिनिंग आहे. काही वर्षांपूर्वी ऐन सीझनमध्ये दुपारी रुईच्या ढिगाला आग लागली. मी तिथंच होतो, चहाचा कप हातात होता. फोन केला तिथल्या हमालाने, बिचारा घाबरलेला, ओरडून सांगतोय, ‘मांगल्या बाजूले या, मांगल्या बाजूले!’ आता जिनिंगला दोन गेटं, एक हायवेकडे, एक नाल्याकडे. हमाल रोज नाल्याच्या बाजूने कामाला यायचा, त्याच्या लेखी पुढची बाजू तीच, मागची म्हणजे हायवेची. बंबाचा ड्रायव्हर हायवेने आला, त्याने विचार केला मागची बाजू म्हणजे नाला, आणि गाडी वळवून बोळातून नाल्याकडे नेली. आग हायवेच्या गेटजवळ, बंब नाल्यावर! बोळात गाडीला वळायला जागा नाही, रिव्हर्स घेत घेत बाहेर काढली. तेवढ्या वेळात ढिगाची आग गाठींच्या थप्पीला लागली. सगळी माणसं आपापल्या जागी बरोबर होती हो, हमालही बरोबर आणि ड्रायव्हरही. शब्द कच्चा होता.

हेच मी अमेरिकेतलं ऐकतो तेव्हा काय ऐकू येतं? ‘साइड चार्ली, धूर.’ इमारतीचा रस्त्याकडचा, पत्त्याचा जो चेहरा त्याला अल्फा म्हणायचं, त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे ब्राव्हो, पाठीमागे चार्ली, उजवीकडे डेल्टा. म्हणजे ए, बी, सी, डी, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. मग कोणी कुठूनही आलेला असो, चार्ली हलत नाही.

आता त्या जिनिंगचं दुसरं. संध्याकाळी निरोप फिरला, आग आटोक्यात. सगळे घरी गेले, मीही गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी एका गाठीतून परत धूर. एक गाठ साधारण 170 किलोची, प्रेसमध्ये अशी दाबलेली की पाणी वरवर ओलं करतं, आतल्या निखाऱ्याला कळतही नाही. मी स्वतः ती गाठ फोडताना पाहिलीय, पट्ट्या तोडल्या आणि मधोमध मुठीएवढा लाल गोळा, हवा लागली तसा भक्कन पेटला. तिकडे वायरलेसवर याचे टप्पे वेगळे बोलतात. ‘नॉकडाउन’ म्हणजे मोठ्या ज्वाळा पाडल्या. ‘अंडर कंट्रोल’ म्हणजे आता पसरणार नाही, पण विझलीय असा अर्थ कुणी काढत नाही. मग ‘ओव्हरहॉल’, म्हणजे भिंती, छत, गाठी उघडून लपलेला विस्तव शोधायचा. आपण ‘आटोक्यात’ या एका शब्दावर तिन्ही कामं ढकलतो, आणि पेपरात तोच शब्द वाचून मालक निवांत झोपतो. तसंच ‘ऑल क्लियर’. ते ऐकून मला वाटायचं आग संपली, पण त्याचा अर्थ आत शोध घेतला, माणूस सापडला नाही. पहिला घाईतला शोध वेगळा, नंतरचा बारकाईचा वेगळा, आणि दोन्हींचे निरोप वेगवेगळे.

बरं, चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत म्हणे, आणि मुख्य मुद्दा तर राहिलाच. भरभर सांगतो.

रेल्वेत शेजारच्या स्टेशनचा मास्तर लाइन क्लियर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, देताना सोबत दोन आकडी प्रायव्हेट नंबर देतो, मी तो परत म्हणून दाखवतो आणि रजिस्टरला लिहितो, तोपर्यंत गाडी सोडायची नाही. फायर ब्रिगेडमध्येही तेच, हुकूम ऐकला की तो परत म्हणायचा. 101 किंवा 112 ला फोन कराल तेव्हा समोरच्याला म्हणा, ‘मी काय सांगितलं ते परत सांगा.’ अर्धं मिनिट जाईल, जाऊ द्या.

दुसरं, ‘मेडे’. तीनदा म्हणतात, जवान स्वतःच आत अडकला की. मग बाकी सगळं बोलणं बंद, आणि तो सांगतो कुठे आहे, कोणत्या गाडीचा, नाव काय, काय काम करत होता, काय हवंय. बाहेर कोण, आत कोण याची हजेरीही मधूनमधून घेतात. आपल्या गावातली पोरं उत्साहाने बादल्या घेऊन आत शिरतात, त्यांची हजेरी कोण घेतो? दारात एक माणूस वही घेऊन उभा करा, बस.

तिसरं, आपले शब्द आपणच ठरवायचे, मराठीत, अहिराणीत, लोकांच्या तोंडी बसतील असे. प्रत्येक जिनिंग, दालमिल, केळीचं गोडाऊन, चटईचा कारखाना, सगळ्यांनी. मेव्हण्यांनी केलंय, या दिवाळीत पाहून आलो. हायवेकडच्या भिंतीवर पेंटरकडून पुरुषभर उंचीचा अ, मग ब, नाल्याच्या गेटवर क, सरकीच्या शेडकडे ड, आणि क च्या खाली गेटची रुंदी फुटांत, म्हणजे बंब आत येईल की नाही हे फोनवरच कळेल. तो हमाल अजून तिथंच आहे. त्याला विचारलं, आग लागली तर काय सांगशील, तर म्हणतो, ‘क ले या.’