पंधरा हजारांचा कीबोर्ड आणि दीड लाखाचा

(अमळनेर येथे वादक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिलाय तो असा: स्वस्तातले कीबोर्ड काढणारी कंपनी मोठ्या, महागड्या कंपन्यांची बरोबरी करू शकते का? समोर बघतो तर पुढच्या रांगांत क्लासला जाणाऱ्या पोरांचे आई-बाप आहेत आणि मागे चोपडा, पारोळा, धरणगावकडची बँडवाली मंडळी. आई-बापांची काळजी ही, की पोरगं चार महिन्यांत कंटाळलं तर पैसे वाया. बँडवाल्यांची काळजी ही, की ऐन वैशाखात वरात अर्ध्या रस्त्यात असताना वाद्य मुकं झालं तर काय. मी दुरुस्ती करून पोट भरतो आणि लग्नसराईत वाजवतोही. तेव्हा माझं माप मागच्या रांगांकडे जरा झुकतं पडेल, सांभाळून घ्या.

आधी हे बघू, की ‘मोठी’ कंपनी मोठी झाली कशी. तोराकुसु यामाहा हा माणूस १८८७ साली जपानात हामामात्सु गावच्या शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन, म्हणजे आपल्या पेटीच्या जातीचं मोठं वाद्य, दुरुस्त करायला गेला होता. दुरुस्त करता करता त्याच्या लक्षात आलं, की हे आपणही बनवू शकतो. म्हणजे यामाहाचा मूळपुरुष आमच्याच धंद्यातला, मेकॅनिक. (टाळ्या कसल्या वाजवता, अजून काही बोललो नाही मी.) आणि ती स्वस्तवाली म्हणजे कॅसिओ, तिची गोष्ट त्याहून वेगळी. ताडाओ काशिओ यांनी १९४६ साली टोकियोत कारखाना काढला. १९५७ साली चौघा भावांनी मिळून रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या खटक्यांवर, चालणारं हिशेबाचं यंत्र बाजारात आणलं, १४-ए नावाचं, टेबलाएवढं. संगीताशी संबंध शून्य. पण त्या भावांपैकी तोशिओ काशिओ संगीतवेडा. साध्या माणसाला वाद्य वाजवता यावं हे त्याच्या डोक्यात होतं, आणि १९८० साली कॅसिओटोन २०१ आला. कॅल्क्युलेटरवाल्यांचा कीबोर्ड म्हणून वाद्यवाल्यांनी नाकं मुरडली.

अमळनेरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचं विप्रो झालं, आणि ज्यांनी जुने शेअर फडताळात ठेवले त्यांच्या गोष्टी तुम्हीच मला सांगता. पण एक बारकावा बघा. विप्रो मोठी झाली ती उंची तूप विकून नाही, दुसऱ्याच धंद्यात उतरून. कॅसिओपुढचा पेच याहून अवघड, कारण तिला त्याच बाजारात, त्याच गिऱ्हाइकापुढे, त्याच वाद्यात मोठं व्हायचंय. स्वस्त म्हणून नाव झालं, आता तेच नाव पुसायचं कसं?

तसं तिने एकदा नाही, दोनदा करून दाखवलंय. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा महागडा कीबोर्ड आला, जगभरच्या स्टुडिओंत गेला. किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. पुढच्याच वर्षी कॅसिओने सीझेड-१०१ काढला, पाचशे डॉलरच्या आत. पट्ट्या बारीक, पण आत स्वतःचे आवाज घडवायची सोय, तीही वेगळ्या पद्धतीने. पोरांचं खेळणं म्हणून हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे तो विकत घेतला. आणि दुसरी गोष्ट मला जास्त प्रिय आहे. १९८१ साली एमटी-४० नावाचा छोटा कॅसिओ आला होता. त्यातले ठेके हिरोको ओकुदा नावाच्या, नुकतीच नोकरीला लागलेल्या मुलीने बसवले होते. त्यातला एक ‘रॉक’ नावाचा ठेका १९८५ साली जमैकातल्या एका निर्मात्याने जसाच्या तसा उचलला, जरा संथ केला, आणि त्या देशाच्या नाचगाण्याची चालच बदलली. लोक वाजवणाऱ्यांची टोळी सोडून यंत्रावर आले. महागडं वाद्य तिथे कुणाकडे नव्हतंच. जे हाताशी होतं त्यावर त्यांनी संगीत केलं. नवापूर, साक्रीकडच्या बँडवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

आता आजचं. आवाजाच्या बाबतीत मी सरळ सांगतो, अंतर फार कमी राहिलंय. कीबोर्डात आवाज म्हणजे खऱ्या वाद्याचं ध्वनिमुद्रण चिपमध्ये साठवलेलं असतं. पूर्वी ती साठवण महाग होती, म्हणून स्वस्त वाद्यात बासरीचा एक तुकडा घेऊन तोच ताणून तीन सप्तकांत वापरायचे. वर गेलं की चिलटासारखा आवाज. आता साठवण स्वस्त झाली. २०१८ ला कॅसिओने सीटी-एक्स मालिका आणली, तिच्यातला पियानो आणि तंतुवाद्यं ऐकून मी दुकानदाराला दोनदा विचारलं की किंमत बरोबर सांगतोयस ना. शिवाय आपल्यासाठी आयएन अक्षरं लावून वेगळी मॉडेलं, देशी वाद्यं, देशी ठेके. यामाहाचीही आय-मालिका आहे, पीएसआर-आय ५०० वगैरे. त्यात रियाज नावाचं बटण दाबलं की तानपुरा आणि तबला सुरू. क्लासच्या पोरांना हे भरपूर झालं. बँडच्या गाडीवर चार भोंगे आणि जनरेटरची घरघर असताना पंधरा हजारांचा कुठला आणि दीड लाखाचा कुठला, हे ओळखून दाखवणारा कान मला अजून भेटायचाय. माझाही नाही ओळखत.

मग फरक कुठे? मागे बसलेल्या एका भाऊंनी मघाशीच सांगून टाकलं, “आवाज ते भारी शे भाऊ, पन टिकस नही.” तेवढ्यात सगळं आलं, पण का टिकत नाही ते बघू. हा कीबोर्ड मी मुद्दाम उघडून आणलाय. पट्ट्यांखाली ही करडी रबराची पट्टी दिसते? तिच्यावर बुडबुडे आहेत, प्रत्येक बुडबुड्याच्या पोटात काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या. बोट दाबलं की एक टिकली आधी टेकते, दुसरी अगदी क्षणभराने. मधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही जोरात वाजवलं की हळू. बस, एवढंच. आणि ऐकून घ्या, लाखाच्या पुढच्या बऱ्याच कीबोर्डांतही असंच रबर आणि असाच कार्बन असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर, खेड्यातला रस्ता, गाडीमागे उडणारा फुफाटा. तो बारीक मुरूम इथे बसतो, टिकली मळते, मग पट्टी मुकी होते नाहीतर हळू दाबली तरी ठणकन ओरडते. इथपर्यंत दोघे सारखेच आजारी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, पण कार्बन घासायचा नाही हं, नुसता पुसायचा.

फरक पुढे आहे. महागड्यात बहुधा प्रत्येक पट्टी सुटी, तिला स्वतःची स्प्रिंग. स्वस्तात पाच-सहा पट्ट्या एकाच प्लास्टिकच्या कण्यावर फणीसारख्या ओतलेल्या. मागचं पातळ प्लास्टिक वाकतं, तीच बिजागरी, तीच स्प्रिंग. एक मोडली की अख्खी फणी बदला. ती फणी जळगावात मिळत नाही, मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवायची, आणि तोवर त्या मॉडेलचं उत्पादनच थांबलेलं. मला विचाराल तर स्वस्त कंपनीची हार इथे होते. ऐकणाऱ्याच्या कानात होत नाही, माझ्या टेबलावर होते.

दुसरी जागा म्हणजे मागची भोकं. अगदी स्वस्त कीबोर्डाला बाहेर आवाज न्यायला फक्त हेडफोनचं भोक असतं. ते घरात कान झाकून वाजवायला दिलंय. बँडवाला त्यात कन्व्हर्टर खुपसून मिक्सरला जोडतो, गाडी खड्ड्यातून जाते, केबल ओढली जाते, आणि बोर्डावरचे टाके सुटतात. एका कानाचा आवाज गेला म्हणून येणाऱ्या दहांतल्या निम्म्यांचं दुखणं हे. वरच्या वाद्यांना लाइन आउटची, म्हणजे मिक्सरला आवाज न्यायचीच, दोन जाड भोकं असतात, एवढाच काय तो चमत्कार. अडॅप्टरचंही बघा: जुन्या कॅसिओंना ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण, यामाहाला १२ व्होल्ट आणि मधली पिन धन, पण टोक दिसायला भावाभावांसारखं. घाईत उसना घेतला की धूर. त्यात कंपनीचा दोष नाही, आपला आहे.

आणखी एक कंजुषी मला खटकते. सीटी-एक्स ७०० ला पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली ओढायचं, चाक नाही, ८०० ला आहे. पियानो शिकणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. पण सनई वाजवायची आणि मींड नाही? नवरी निघताना सनईचा सूर ओढता आला नाही तर ती सनई राहत नाही, गाडीचा हॉर्न होतो. ताई, पोराला आपलं संगीत वाजवायचं असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, डाव्या हाताला ते चाक आहे का तेवढं बघून घ्या.

राहिला नावाचा भाग. लोक म्हणतात रोलँड या दुसऱ्या जपानी कंपनीची चलती नावामुळे. अर्धंच खरं. तिचा एक्सपीएस-१० आपल्या भागातल्या बँडांत एवढा पसरला, कारण तो हलका आहे आणि त्यात पेनड्राइव्हवरून बाहेरचं ध्वनिमुद्रण आत घेऊन पट्ट्यांवर बसवता येतं. नंदुरबारकडच्या पोरांनी काय केलं? म्हाताऱ्या वादकाला बसवून पावरी फुंकायला लावली, भोपळ्याची, बांबूची ती खरी पावरी, मोबाइलवर आवाज धरला, कापला आणि कीबोर्डात भरला. संबळाचं तसंच, डफाचं तसंच. मग ते टोन, म्हणजे असे भरलेले आवाज, या हातून त्या हातात गेले, कुणी पैसे घेऊन, कुणी चहावर. आता नवा वादक दुकानात जातो तेव्हा तो कंपनी बघत नाही; आपल्या उस्तादाचे टोन कुठल्या वाद्यात चढतात ते बघतो. ही जी साठवण आहे ती जपानातल्या कुणी दिलेली नाही, आपल्या पोरांनी उभी केली, आणि तिचा फायदा त्या वाद्याला झाला. गंमत अशी, की ही विद्या स्वस्तात पहिल्यांदा वाटली कॅसिओनेच. १९८६ च्या सुमारास एसके-१ नावाचं खेळणं होतं, त्यात माइकसमोर बोललं की सव्वा-दीड सेकंदाचा तुमचाच आवाज पट्ट्यांवर वाजायचा. पोरं त्यात कुत्र्याचं भुंकणं भरायची. त्या काळी असं करणारी मोठी यंत्रं घराच्या किमतीची होती. आणि आज सीटी-एक्स ७०० मध्ये ती सोयच नाही! स्वतःच्या घरातली चीज शेजाऱ्याच्या हाती दिली.

मोठ्या पियानोंचं मी फार बोलणार नाही, आपल्याकडे ते वाजवणारे कमी. एवढंच, की २०१५ साली कॅसिओने जर्मनीच्या बेखश्टाइन या पियानो घराण्याला जोडीला घेऊन लाकडी पट्ट्यांचा पियानो काढला, आणि २०१९ चा पीएक्स-एस १००० हा साडेअकरा किलोच्या आतला पियानो चांगले वादकही खांद्याला अडकवून नेतात. वर चढायचा तिने विचार केलेला नाही असं नाही.

तर बरोबरी होईल का? आवाजात झाली आहे. उरलंय ते फार उंची तंत्रज्ञान नाहीच. लाइन आउटची दोन भोकं, सनई ओढायला चाक, बाहेरचा टोन घ्यायची सोय, आणि मॉडेल बंद झाल्यावर सात-आठ वर्षं रबर आणि फणी जळगाव-धुळ्याच्या दुकानात. यातली पहिली तीन कारखान्यातली कामं, किंमत हजार-दोन हजारांनी वाढेल. चौथं अवघड, कारण सुट्या भागात कंपनीला पैसा दिसत नाही. तिला नवा कीबोर्ड विकायचा असतो. चिनी कंपन्यांना हे जमलं तर त्या कॅसिओच्याही पुढे जातील. मेडेलीसारखी कंपनी स्वतःच्या नावाने विकते आणि दुसऱ्यांना बनवूनही देते, त्यांना हे काम नवं नाही. पण त्यांच्या एखाद्या वाद्याची फणी मागवायची कुणाकडे, हे मला आजही विचारून विचारून शोधावं लागतं.

आता कानबाईच्या सणाच्या आणि गणपतीच्या आधी ज्यांना साफ करून हवेत त्यांनी कीबोर्ड इथेच ठेवा, आणि अडॅप्टर सोबत द्या, स्वतःचाच.