अट घालायची तर दोन्ही बाजूंनी

(पडद्यावर: निपाणी. सकाळची उन्हं. उंबऱ्याशी बसून विड्या वळणारे हात. चेहरा दिसत नाही.)

मांडीवर सूप. सुपात एका बाजूला जर्दा, दुसऱ्या बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर ठरते. माल देताना पान फाटकं निघालं किंवा विडी सैल लागली, की ती छाटात जाते, आणि छाटलेल्या विडीचे पैसे बाईच्या हाती पडत नाहीत.

निपाणी आणि आजूबाजूच्या खेड्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यातल्या कितीतरी बायकांच्या खात्यावर आता कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये जमा होतात. योजना ३० ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली. पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या नावावर येतात. ती किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत नसला म्हणजे झालं, शिकण्याची किंवा काम करण्याची अट त्यात नाही.

(पडद्यावर: बेळगाव. चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र वाचणारे लोक.)

आणि इथंच एक प्रश्न हमखास निघतो. सरकार पैसे देतंय, तर निदान काही शिकायला तरी लावावं की! प्रशिक्षणाला या, नाहीतर पैसे बंद.

असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. शिक्षणानं घर वर येतं, हे सीमाभागातल्या आईबापांना कुणी सांगायला नको. पण दहा ते पाच वर्गात बसलेल्या बाईच्या त्या दिवसाच्या विड्या कोण वळणार? मजुरी बुडाली तर ती कोण भरून देणार? अट घालण्याआधी हा हिशेब मांडावा लागतो.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. अमेरिकेतल्या सरकारी कचेरीबाहेरची रांग.)

असा प्रयोग एका देशानं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. अमेरिकेत १९३५ पासून गरीब कुटुंबांना, विशेषतः एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या आयांना, रोख मदत मिळत होती. २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ती पद्धत संपली. केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात जास्तीत जास्त पाच वर्षं मदत. त्या बदल्यात आठवड्याला साधारण ३० तास काम किंवा कामाशी संबंधित कार्यक्रम, आणि मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर एकट्या आईला २० तास. व्यवसाय शिक्षण या तासांत धरलं जायचं, पण फक्त बारा महिने. पुढं शिकायचं असेल तर ते काम सांभाळून.

१९९४ मध्ये सुमारे ५० लाख कुटुंबं ही मदत घेत होती. २००० पर्यंत ती २२ लाखांच्या आसपास आली. सगळं श्रेय अटीला देता येत नाही. त्या वर्षांत तिथं तेजी होती, आणि कमी पगारावर राबणाऱ्यांना करातून परतावाही वाढवून मिळत होता. पुष्कळ आया कामाला लागल्या, पण त्यांतल्या बऱ्याच जणींचा पगार घर चालण्याइतका नव्हता.

त्याच काळात तिथं सात ठिकाणच्या अकरा कार्यक्रमांचा पाच वर्षं अभ्यास झाला. काही ठिकाणी बायकांना आधी नोकरी शोधायला लावलं, काही ठिकाणी आधी वर्गात बसवलं. नोकरी आधी शोधणाऱ्यांची कमाई लवकर वाढली, आणि पाच वर्षांत दोन्हींतला फरक बराचसा मिटला. उठून दिसलं ते पोर्टलंड शहर. तिथं सरसकट सगळ्यांना एकाच वाटेनं पाठवलं नाही. ज्यांना गरज होती त्यांना थोडक्या मुदतीचं प्रशिक्षण दिलं, आणि मिळेल ती पहिली नोकरी धरू नका, बऱ्या पगाराची बघा, असं सांगितलं.

(पडद्यावर: खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग. पावसात ओला रस्ता. बसची वाट पाहणाऱ्या बायका.)

आपल्याकडंही सरकारनं स्वतःला बांधून घेतल्याचं उदाहरण आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात होतं, की काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. काम पाच किलोमीटरच्या पलीकडं असेल तर दहा टक्के मजुरी जादा. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. प्रत्यक्षात मुलं सांभाळायची अशी सोय क्वचितच दिसली, हेही खरं. तरी निदान मागायला कलम होतं. पुढं २०१९ मध्ये केंद्रानं ‘उन्नती’ नावाचा उपक्रम काढला. शंभर दिवस भरलेल्या घरातल्या एका माणसाला प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरीही. विडी वळणाऱ्या बाईचा प्रश्न कळलेला कुणीतरी दिल्लीत बसलेला होता म्हणायचा.

गृहलक्ष्मीला प्रशिक्षणाची अट लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते पैसे घर ओढणाऱ्या बाईचे आहेत. साठीच्या सासूला शिवणवर्गात बसवून काही साधणार नाही. शिवाय शिवणाचे वर्ग इतके निघालेत, की एकाच गल्लीत शिकलेल्या दहा जणी आणि कापड आणणारं गिऱ्हाईक एखादं, अशी गत होते.

तरुणांची गोष्ट मात्र वेगळी.

(पडद्यावर: कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका. एका बाजूला कन्नड पाटी, पुढं कागलची मराठी पाटी.)

या नाक्याच्या अलीकडं पदवी घेतलेल्या पोराला कर्नाटकची युवा निधी योजना आहे. पास झाल्यावर १८० दिवस नोकरी मिळाली नाही, तर पदवीधराला महिन्याला ३००० रुपये, डिप्लोमावाल्याला १५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. जानेवारी २०२४ पासून पैसे मिळू लागले. योजना आली तेव्हाच्या नियमांत नोकरी लागली की भत्ता बंद, आणि पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतला तरी नाही. म्हणजे शिकायला निघालेल्यालाच तो मिळेना.

नाक्याच्या पलीकडं महाराष्ट्राची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. तिथं पैसे प्रशिक्षणालाच जोडलेले. कचेरीत किंवा कारखान्यात काम शिका आणि विद्यावेतन घ्या. बारावीला ६०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत आधी सहा महिने, नंतर अकरा. पण मुदत संपली तशी हीच मुलं रस्त्यावर आली, आता पुढं काय, असं विचारत. बेळगावच्या मराठी मुलाला तर तेही दार बंद, कारण महाराष्ट्राचा रहिवासी असल्याशिवाय अर्ज चालत नाही.

(पडद्यावर: उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. फाउंड्रीतला लाल लोखंडाचा रस साच्यात ओतला जातोय. शेजारच्या शेडमध्ये संगणकावर चालणारं सीएनसी मशीन.)

बेळगावात काम नाही असं नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिक्सचं काम चालतं. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. बीए झालेल्या पोराला मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, कसा बांधायचा, बारीक मापं घेणारा मायक्रोमीटर कसा वाचायचा, हे येत नाही, आणि कारखानदाराला शिकवायला सवड नसते. युवा निधीची दोन वर्षं ही नेमकी ती सवड आहे. भत्त्याबरोबर मशीनवरचं शिक्षण सक्तीचं करा, आमचा पाठिंबा आहे. पण शिकणाऱ्याचे ३००० तोडू नका, उलट वाढवा.

आणि त्याला पोचता आलं पाहिजे. शक्ती योजनेमुळं ११ जून २०२३ पासून मुलींना साध्या सरकारी बसचं तिकीट मोफत आहे, ही मोठी सोय झाली. पण दुसरी पाळी सुटल्यावर खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडं जायला बसच नसेल, तर मोफत तिकीट घेऊन ती मुलगी कुठं बसणार? जांबोटी-कणकुंबी भागातली पोरं चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला जातात, ती काही हौसेनं नाही.

(पडद्यावर: मराठी शाळेचा फळा. मग प्रशिक्षण केंद्रातला कन्नड फलक.)

आणखी एक अडचण भाषेची. तालुक्यात किंवा जिल्ह्यात १५ टक्के किंवा जास्त लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं धोरण १९५६ पासूनचं आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी इथं मराठी किती बोलली जाते हे बाजारात एक फेरी मारली तरी कळतं. तरी अर्ज आणि सूचना मराठीत मिळवायला झगडावं लागतं. सक्तीच्या वर्गात तर हे चालणारच नाही. यंत्र थांबवायच्या लाल बटणाशेजारी काय लिहिलंय, ते शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी वाचता आलंच पाहिजे. सुरुवात मराठीत करा, बरोबरीनं कारखान्यात लागेल तेवढं कन्नडही शिकवा. कर्नाटकात नोकरी करायची तर ते हवंच, आणि आमची मुलं शिकतातही.

(पडद्यावर: बेळगावातलं विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध, हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त.)

२०१२ मध्ये ही इमारत उभी राहिली. हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार बेळगावात येतं. त्या अधिवेशनात सीमाभागातल्या आमदारांनी चार आकडे मागावेत. युवा निधी घेणारे किती? त्यांतले प्रशिक्षणाला गेले किती? प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी नोकरीत टिकून आहेत किती, आणि पगार काय? उत्तरं खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी अशी तालुकावार मिळावीत, आणि कन्नडबरोबर मराठीतही छापली जावीत.