पाटी नसलेला चौक

दक्षिण जर्मनीतील स्टुटगार्ट शहर. सकाळचे साडेसात वाजले आहेत. या लहानशा चौकात सिग्नल नाही, 'थांबा' म्हणणारी पाटी नाही आणि पोलीसही नाही. एक मोठी काळी मोटार चौकाच्या तोंडाशी येऊन थांबते आणि तिच्या उजव्या हाताच्या गल्लीतून एक शाळकरी मुलगी सायकलवरून, मान किंचितही न वळवता, सरळ निघून जाते.

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. ज्या मर्सिडीज-बेंझ या मोटार कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, तिचे मुख्यालय याच शहरात आहे. त्यामुळे नोकरीनिमित्त येथे येणाऱ्यांत मराठी माणसे नवी नाहीत. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आहे, हे ती महिन्याभरात अंगवळणी पाडून घेतात. त्यांची भंबेरी उडते ती या रिकाम्या चौकात.

येथील नियमाचे नाव आहे 'रेख्ट्स फोर लिंक्स', म्हणजे डाव्याआधी उजवा. जेथे कोणतीही खूण नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला; मग तो सायकलवर असो वा ट्रकमध्ये, आणि त्याची गल्ली कितीही अरुंद असो. आपल्याला पाटी दिसली की नियम आठवतो. येथे पाटी नसणे हीच नियमाची खूण असते. गंमत अशी की, भारतातील १९८९ च्या रस्ता-नियमावलीतही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी असेच लिहिले होते. ते किती जणांनी वाचले असेल, हा प्रश्न वेगळा. चारही रस्त्यांनी एकाच वेळी गाड्या आल्या, तर मात्र प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतेच. अशा वेळी चालक एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी हाताने खूण करून आपला हक्क सोडतो.

भारतीय परवाना येथे वास्तव्यास आल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो आणि पुण्याच्या रहदारीत पंधरा वर्षे गाडी हाकलेला माणूस पुन्हा प्रशिक्षकाच्या शेजारी बसतो. हॉर्नकडे जाणारा हात तेथे पहिल्यांदा आवरावा लागतो, कारण वस्तीत हॉर्न वाजवण्याची मुभा केवळ धोक्याच्या प्रसंगी आहे. मागून येत असल्याची वर्दी म्हणून तो वाजवणे हा गुन्हा ठरतो.

शहर सोडून ऑटोबानवर आले की नवख्यांना वेगाचे आकर्षण वाटते. काही भागांत वेगाला खरोखरच बंधन नाही. ताशी १३० किलोमीटर ही १९७८ पासून शिफारस आहे, सक्ती नाही. परंतु हा महामार्ग समजून घ्यायचा असेल, तर तो वाहता असताना नव्हे, तुंबला असताना पाहावा. रहदारी मंदावू लागताच, अजून कोठेही सायरन ऐकू येत नसताना, सर्वांत डावीकडच्या रांगेतील गाड्या डाव्या कडेला सरकतात, उरलेल्या सर्व रांगा उजवीकडे सरकतात आणि मध्ये रुग्णवाहिकेपुरती मोकळी वाट तयार होते. पुढे अपघात झाला आहे की नुसतेच रस्त्याचे काम चालू आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही वाट करून ठेवायची असते. न केल्यास किमान २०० युरो दंड होतो. आपल्याकडे रुग्णवाहिका आल्यावर वाट देण्यासाठी धावपळ होते, येथे ती येण्याआधीच वाट तयार असते. अर्थात जर्मनांनाही हे नेहमी साधतेच असे नाही. नाही तर दंड कशाला ठेवावा लागला असता?

घरी परतल्यावरही पाटीवर न लिहिलेले नियम संपत नाहीत. इमारतीच्या दारावरील घंटेपाशी बहुधा घराचा क्रमांक नसतो, आडनाव असते; ते लावले नाही तर पोस्टमन पत्र घेऊन परत जातो. रविवारी दुकाने बंद असतात आणि भिंतीला ड्रिल लावले की शेजारी दारात उभा राहतो. या शांततेमागे जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील, रविवार विश्रांतीचा मानणारे कलम आहे. १९४९ च्या राज्यघटनेने ते जसेच्या तसे कायम ठेवले. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरील पेटीत टाकायच्या, तर त्याही सोमवारी.

आणि मग एका संध्याकाळी, इतके दिवस जिची उणीव भासत होती ती पाटी अखेर दिसते. ती आपल्याच दाराच्या मुठीला अडकवलेली असते. हातभर दोरीला बांधलेल्या त्या पाटीवर एकच शब्द असतो, 'केरवोखं'. स्टुटगार्टभोवतालच्या श्वाबेन प्रांतातील ही जुनी रीत आहे: या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. काही इमारतींत अंगण आणि पदपथही त्यात येतात, हिवाळ्यात बर्फही. शनिवारी दुपारी नवा भाडेकरू बादली घेऊन वरच्या पायरीपासून सुरुवात करतो, जिना वाळेपर्यंत थांबतो आणि पाटी काढून, आवाज होऊ न देता, समोरच्या दाराला अडकवतो.