बाराची की तेराची?

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळ. एक शटर वर जातंय. आत ऑइलने काळी पडलेली फरशी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने.)

उद्यमनगरात सकाळी पहिला आवाज लेथचा, दुसरा चहाच्या ग्लासांचा. तिसऱ्यासाठी जरा कान द्यावा लागतो. कुठल्यातरी बॉनेटखालून तो येतो: कर्र, कर्र, कर्र. हा रॅचेटचा, म्हणजे नट एकाच बाजूने फिरवणाऱ्या दांड्याचा आवाज. त्याच्या टोकाला अंगठ्याएवढी एक लोखंडी वाटी असते. दुकानाच्या बिलावर तिचं नाव सॉकेट, गॅरेजमध्ये मात्र गोटी.

गोटीला दोन तोंडं. एकात नट बसतो, दुसऱ्यात दांड्याचा चौकोन. दांडा एकच ठेवायचा आणि गोट्या बदलायच्या. आज यात काही विशेष वाटत नाही, पण १९२० साली अमेरिकेत मिलवॉकीला स्नॅप-ऑन कंपनी उभी राहिली ती याच कल्पनेवर. पाच दांडे, दहा गोट्या आणि पन्नास पान्यांचं काम, अशी त्यांची जाहिरात होती. एरवी प्रत्येक मापाला स्वतंत्र पाना घ्यावा लागायचा आणि मेकॅनिकची पेटी उचलायला दुसरा माणूस लागायचा.

(दृश्य: ब्रीफकेससारखी प्लास्टिकची पेटी उघडते. आत चकचकीत गोट्यांच्या रांगा.)

ही माझी पेटी. १०८ नग. दिवाळीच्या सेलमध्ये घेतली तेव्हा आकडा बघूनच हरखलो होतो. १०८ म्हणजे जपमाळच की! घरी येऊन नग मोजले तर त्यातले चाळीसेक स्क्रू-ड्रायव्हरची टोकं निघाली. पाव इंची दांड्यावर बसणाऱ्या गोट्या चार मिलिमीटरपासून सुरू होतात. चार मिलिमीटरचा नट माझ्या गाडीत कुठे आहे, हे मला अजून सापडलेलं नाही. पेटीवरचा आकडा बघून सेट घेणं म्हणजे पानं मोजून पुस्तक घेण्यासारखं आहे. मी घेतला होता.

गाडी जुनी, जपानी घडणीची छोटी हॅचबॅक. तिची आठ वर्षं रत्नागिरीत मावशीच्या दारात गेली. मग ती आंबा घाट चढून कोल्हापुरात माझ्याकडे आली आणि येताना खारा वारा अंगात घेऊन आली. वरून रंग झकास. खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या ब्रॅकेटचे बोल्ट विटकरी झालेले.

एका रविवारी सायलेन्सर खडखडतोय म्हणून मी गाडीखाली गेलो. बोल्ट १२ चा, म्हणजे माथा १२ मिलिमीटरचा. नव्या पेटीतली १२ ची गोटी लावली आणि जोर दिला. हाताला आधी जे जाणवलं, त्याला सुटणं म्हणतात असंच वाटलं. दांडा मऊसूत फिरला. मी खूश. गोटी काढून बघतो तर बोल्ट जागच्या जागी आणि त्याच्या माथ्याचे सहाही कोपरे गेलेले. पेरूची फोड दातांनी कुरतडावी तसा दिसत होता.

(दृश्य: गोल झालेल्या बोल्टचा जवळून घेतलेला शॉट. बाजूला दोन गोट्या, तोंडं कॅमेऱ्याकडे.)

गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीमामांनी बोल्ट बघितलाच नाही. आधी माझी गोटी मागून घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ह्यो बारा कोनाचा माल हाय सायेब. गंजल्याला नट ह्यानं सुटतोय व्हय?"

इथे जरा थांबू या, कारण गोटीचं खरं मर्म तिच्या तोंडात आहे. डावीकडची गोटी सहा कोनांची, उजवीकडची बारा कोनांची. बोल्टला कोन सहाच असतात. मग बारा कशासाठी? सोयीसाठी. सहा कोनांची गोटी दर ६० अंशांना बसते, बारा कोनांची दर ३० अंशांना. अडचणीच्या जागी न बघता चटकन बसवता येते. पण ती बोल्टला धरते कोपऱ्याच्या अगदी जवळ, थोड्याशा जागेवर. बोल्ट नवा, तेल लावलेला असेल तर काही बिघडत नाही. गंजानं कोपरे आधीच झिजलेले असतील तर तेवढी पकड पुरत नाही आणि उरलासुरला कोपराही छिलून निघतो. सहा कोनांच्या चांगल्या गोटीत आतले कोपरे किंचित खोलगट ठेवलेले असतात. त्यामुळे जोर बोल्टच्या कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. कोकणातल्या गाडीला हात लावायचा असेल तर सहा कोनांचीच गोटी घ्या, यावर मी आता वाद घालायला तयार आहे.

मामांनी त्या बोल्टच्या माथ्यावर एक मोठा नट ठेवला आणि आतून वेल्डिंगने भरून घेतला. जोड लालभडक झाला. दोन मिनिटं गेली. त्या नटाला १७ ची गोटी, टी-बार (इंग्रजी टी आकाराचा साधा दांडा), एक हिसका. कट्ट! गंज धुरळ्यासारखा खाली पडला. वेल्डिंगच्या चिकटण्याइतकीच उष्णतेचीही मदत होते, तापून आकसताना गंजाची पकड ढिली पडते.

"आता नवीन सेट कुठला घेऊ?" मी विचारलं.

मामा म्हणाले, "आदी कागुद-पेन्सिल घ्या. गाडी मोजा. मग दुकानात जावा."

(दृश्य: गाडी रॅम्पवर. हातातल्या कागदावर आकडे.)

मोजायला दीड तास गेला. हाताला येईल तेवढंच मोजलं, इंजिन उघडलं नाही. १० चे ४१. १२ चे २९. १४ चे १७. १७ चे ९. चाकांचे १९ चे नट १६. होज क्लिपांना ८ ची गोटी. स्पार्क प्लगला १६ ची लांब गोटी. ११, १५, १६, १८ मापाचा बोल्ट एकही नाही. आणि १३ चा? एकही नाही.

या १३ च्या शून्यामागे एक मजेदार कारण आहे. बोल्टची जाडी आणि त्याच्या माथ्याचं माप या दोन वेगळ्या गोष्टी. ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. युरोपीय पद्धतीत त्याचा माथा १३ चा असतो, जपानी गाड्यांत १२ चा. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जपानी माथा १४ चा, युरोपात पूर्वी १७ चा आणि आता १६ चा. जाडी तीच, माथा वेगळा. म्हणजे नुसत्या गोटीवरून गाडीचं मूळ गाव ओळखता येतं. सगळीकडे १०, १२, १४, १७ लागत असतील तर घराणं जपानी. १०, १३, १६, १८ लागले तर युरोपीय.

संकरही असतात. स्विफ्टमध्ये २००७ साली आलेलं १.३ लीटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटच्या घराण्यातलं. अंग सुझुकीचं, काळीज इटलीचं. अशा गाडीला १२ आणि १३ दोन्ही हाताशी हव्यात. आणि चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगन असेल तर नुसत्या गोट्यांनी भागतच नाही. तिथे चांदणीच्या आकाराच्या टोकांचे वेगळे बिट लागतात, आणि चाकांना नटांऐवजी १७ चे बोल्ट.

मामांच्या कपाटात सगळ्यात खाली एक गोणपाटाची गुंडाळी आहे. त्यात इंचाच्या गोट्या आहेत. ७/१६, १/२, ९/१६. जुनी जीप आणि अ‍ॅम्बॅसॅडर इंचाच्या, कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मात्र फियाटची म्हणून मिलिमीटरची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मिलिमीटरचं राज्य पक्कं झालं. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ ची गोटी बिनबोभाट चालते. ९/१६ म्हणजे १४.२९. त्यावर १४ ची चढत नाही, १५ ची हलते. जीप हौसेनं पाळणाऱ्यांनी ही गुंडाळी भंगारात घालू नये.

(दृश्य: रॅचेटचा चौकोनी दांडा. पट्टीने माप घेताना.)

जग मिलिमीटरचं झालं तरी गोटीच्या मागचं चौकोनी भोक इंचातच राहिलं आहे. जर्मनी असो की जपान, पाव इंच, ३/८ इंच आणि अर्धा इंच हीच मापं. आपल्याकडचे मिस्त्री ती सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून दोन सूत, तीन सूत, चार सूत. दुकानात सहज मिळणारी पेटी बहुतेक चार सुताची, म्हणजे अर्धा इंची असते, १० पासून ३२ पर्यंत. ट्रॅक्टर-टेम्पोला ती उत्तम. छोट्या गाडीत त्यातल्या २२ च्या पुढच्या गोट्या डब्यात पडून राहतात, पुढच्या अ‍ॅक्सलच्या नटाला एखादी लागली तर लागली. शिवाय अर्धा इंची रॅचेटचं डोकं बॅटरीच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत शिरत नाही. आणि त्या लांब दांड्याने १० चा नाजूक बोल्ट आवळायला गेलात की तो तुटून अर्धा हातात येतो.

घरी गाडीला हात लावणाऱ्याने मुख्य सेट तीन सुताचा घ्यावा, हे माझं मत. चाकं आणि सस्पेन्शनसाठी अर्धा इंची टी-बार आणि दोन-तीन गोट्या वेगळ्या घ्याव्यात. पाव इंची डॅशबोर्ड उघडणाऱ्यांसाठी.

रॅचेटचे दातही मोजण्यासारखे असतात. २४ दातांचा असेल तर पुढचा दात पकडायला दांडा १५ अंश हलावा लागतो, ७२ दातांच्याला ५ अंश पुरतात. जागा कमी असली की हा फरक बोटांना कळतो. पण घट्ट बसलेला नट रॅचेटने सोडवायचा नाही. आधी टी-बारने हिसका, मग रॅचेटने फिरवणं. हे न ऐकणाऱ्यांचे दात गेलेले रॅचेट मामा एका डालडाच्या डब्यात जमवतात.

(दृश्य: रस्त्याकडेचं पंक्चरचं दुकान. पोरगा चाकाच्या पान्यावर उभा राहून उड्या मारतोय.)

हे दृश्य सगळ्यांनी बघितलं असेल. हिशोब करा. ६० किलोचा माणूस ४० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी नटावर सुमारे २३५ न्यूटन-मीटर जोर येतो. उडी मारली तर आणखी. छोट्या गाडीच्या चाकाच्या नटाला साधारण १०० च्या आसपास पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. मग भर पावसात घाटात स्टेपनी बदलायची वेळ येते आणि नट हलत नाही. सेटचे पैसे उरले तर टॉर्क रेंच घ्या, आकडा लावला की तेवढ्या जोराला तो टक् करून सांगतो.

(दृश्य: हार्डवेअरचं दुकान. काउंटरवर सुट्या गोट्यांचा ढीग.)

खिशात गाडीचा एक धडका बोल्ट घेऊन मी दुकानात गेलो. माथा १२ चा. गोटीत घालून बोटांनी डावी-उजवीकडे हलवायचा. पहिली गोटी खुळखुळली. दुसरीत तो अडकला नाही आणि डुललाही नाही. तिच्या तोंडाच्या कडेला आतून बारीक उतार होता, त्यामुळे बोल्ट न शोधता आत शिरत होता. मापाचा आकडा नीट कोरलेला, दिव्याच्या उजेडात लांबून दिसणारा. क्रोम व्हॅनेडियम (पोलादाचा प्रकार) असं हल्ली सगळ्यांवरच लिहिलेलं असतं, त्यावर मी फार विसंबलो नाही. काळ्या, जाड भिंतीच्या गोट्या नट फिरवणाऱ्या हवेच्या गनसाठी असतात. चकचकीत गोटी गनला लावली तर तडकते आणि तिचे तुकडे उडतात, एवढं दुकानदाराने न विचारता सांगितलं.

८, १०, १२, १४, १७, १९. सगळ्या सहा कोनांच्या. १० आणि १२ च्या लांब गोट्याही घेतल्या, कारण आट्यांचा दांडा नटाच्या बाहेर आला असेल तर आखूड गोटी तळाला टेकते. १६ ची प्लगची, आतून रबर असलेली. दांडा लांबवायला तीन आणि सहा इंचांची एक्स्टेंशन. गोटी तिरकी वळवायला एक युनिव्हर्सल जॉइंट. दुकानदाराने १३ ची पुढे सरकवली. मी कागद दाखवला, शून्य. ती परत ढिगात गेली.

(दृश्य: गॅरेज, संध्याकाळ. वर्तमानपत्रात बांधलेला पुडा सुटतोय.)

गॅरेजमध्ये परतलो तोवर मामांनी ब्रॅकेटला नवा बोल्ट घालून ठेवला होता. म्हटलं, घट्ट आहे का ते माझ्या गोटीने बघतो. १२ ची गोटी लावली. बसेना. पुसून लावली, तरी बसेना.

मामा हात पुसत होते. म्हणाले, "बोल्ट हितल्या दुकानातला हाय सायेब. आठचाच हाय, पर जपानी न्हवं. तेराची आना."

दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती.